नावं ठेवून घेतलेली रायफल

वस्तूला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, हे मी पुण्याच्या मंडईत आईच्या पिशव्या धरून शिकलो. वांगी किडकी, मेथी जून, आंबे आढीतले नाहीतच, असं म्हणत म्हणत ती शेवटी तेच घ्यायची. "मग राहू द्या मावशी," म्हणत भाजीवाली तराजू उचलायची. यातलं काही खरं नाही हे दोघींना ठाऊक असायचं.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला येऊन मला बारा वर्षं झाली, आणि जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद लागून सात. बायको त्यांना 'तुझं भंगार' म्हणते. लायसन्स, कुलपाचं लोखंडी कपाट, तपासणी, सगळं मी रीतसर केलं. भाव करायची खोड तेवढी सुटली नाही. इथला विकणारा एक आकडा सांगून गप्प बसतो आणि घेणारा तो देऊन मोकळा होतो. मला ते अळणी वाटायचं.

गेल्या वर्षी आम्ही दोघं शहराबाहेरच्या एका फार्मवर रायफल बघायला गेलो. मालक पंच्याऐंशीचे, एकटे. फार्म विकून ते गावातल्या छोट्या युनिटमध्ये राहायला जाणार होते. त्यांच्या वडिलांनी ती दुसऱ्या महायुद्धात वापरलेली. पुढे सरकारनं जुनी शस्त्रं विकायला काढली, तेव्हा दस्त्यावर आपणच कोरलेला त्रिकोण वडिलांना दिसला आणि त्यांनी ती विकत घेतली, अशी घरातली गोष्ट. म्हाताऱ्यांनी ती दोन पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून टेबलावर ठेवली होती. रायफलीबरोबर घेणाऱ्याला द्यायला.

मी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, गोळी आत सरकवणारा बोल्ट काढला, नळीतून खिडकीकडे पाहिलं. आतून नळी लख्ख. लाकडाला कोणी पॉलिश फासलेलं नव्हतं. त्रिकोणही होता. मला ती त्याच क्षणी हवी झाली, आणि म्हणूनच मी तोंड वाकडं केलं. बॉडीवरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर वेगळे होते.

त्याचा अर्थ मला चांगला माहीत होता. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बोल्ट सर्रास बदलले जायचे. त्यानं किंमत थोडी उतरते, गोष्ट खोटी ठरत नाही. तरी मी अगदी आईसारखी जीभ टाळ्याला लावून 'चक्' केलं.

"नंबर जुळत नाहीत," मी म्हणालो. "ही दोन रायफलींची मिळून एक केलेली दिसते. युद्धावर गेली असेल असं मला नाही वाटत. असले त्रिकोण काय, कोणीही कोरतं."

आता ते उसळतील, मला चार गोष्टी सुनावतील, मग मी थोडा वर चढेन, अशी माझी अपेक्षा.

"तुम्हाला यातलं कळतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. तेवढं खरंच होतं.

त्यांनी ती दोन पानं उचलली, घडी घालून खिशात ठेवली. "मग तसं सांगून विकणं बरोबर नाही," म्हणाले आणि किंमत आपणहून निम्मी केली. मी न मागता. माझं लायसन्स बघून त्यांनी नंबर उतरवून घेतला, रायफल गाडीपर्यंत स्वतः आणून दिली.

"तू सिरियसली तसं सांगितलंस त्यांना?" गाडीत बायकोनं विचारलं.

"अगं, भाव करताना म्हणतात तसं."

"त्यांना कुठे माहितीये?" ती म्हणाली.

रायफल कपाटात गेली. एरवी नवी वस्तू आणली की मी आठवडाभर मित्रांना फोटो पाठवत बसतो. या वेळी एकही पाठवला नाही. चोराच्या मनात चांदणं. कोणी 'कितीला मिळाली' विचारलं तर काय सांगणार होतो? आज जाऊ, उद्या जाऊ, करत मी चार महिने घालवले. शेवटी एका रविवारी त्यांच्या युनिटचं दार वाजवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बोल्ट बदललेला असणार, वडिलांची गोष्ट खरी असू शकते, मी भाव पाडायला तसं बोललो, माझं चुकलं, रायफल परत घ्या किंवा उरलेले पैसे तरी घ्या.

त्यांनी मला आत बसवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी मी ख्राइस्टचर्चला बहिणीला फोन केला," ते म्हणाले. "थोरली माझी. वडिलांची ती गोष्ट तिचीच जास्त होती, लहानपणी मला तीच सांगायची. मी तिला म्हटलं, अगं, ते खरं नव्हतं, जाणकार माणसानं बघून सांगितलं. तिला अंधारात ठेवणं मला बरं वाटेना. ती म्हणाली, म्हणजे बाबा आपल्याशी खोटं बोलले."

"मला त्यांचा नंबर द्या," मी म्हणालो. "मी आत्ता बोलतो त्यांच्याशी."

"ती गेली," ते म्हणाले. "तीन आठवडे झाले."

ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चहात साखर किती घालू म्हणून विचारलं.