कुलूपकाकांचा मासा

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघायची सवय पुष्कळांना असते. आमचे कुलूपकाका तीनदा ओढत, चार पावलं जात, परत येत आणि कुलपालाच विचारत, "लागलास ना रे?" कुलूप काही बोलत नसे, पण काकांचं समाधान होई. रत्नागिरीच्या आमच्या पुरातत्त्व संग्रहालयात ते शिपाई होते, तिकीट फाडणारे होते, दिवसाचे राखणदारही तेच होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. कुलूपकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं आणि ते त्यांना आवडायचं, असा माझा संशय आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मे महिन्यात संग्रहालयात सुट्टीचे उपक्रम घ्यायला जायची. मुंबईहून आलेली नातवंडं, त्यांना सांभाळून दमलेल्या आज्या, पाहुण्यांच्या राबत्यातून दोन तास सुटका शोधणाऱ्या आया, असा आमचा वर्ग. एक नवं मडकं फोडायचं आणि त्याच्या खापऱ्या घरटी वाटून परत जोडायच्या. शिलालेखावर कागद धरून कोळशाने ठसा काढायचा. शेवटच्या दिवशी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळशिल्पं बघायला सहल. काकांचा यात काहीच भाग नव्हता, पण दारातच त्यांचा पहिला धडा व्हायचा. "हात मागं, डोळे पुढं," ते म्हणत, आणि बँकेचे साहेबसुद्धा मुकाट हात मागे बांधून रांगेत शिरत.

काकांना मी संग्रहालयापासून लांब कधी पाहिलं नाही. समोरच्या टपरीपर्यंत जात, तेही दाराकडे तोंड करून चहा पीत. दुसऱ्या शिपायाची जागा बरीच वर्षं रिकामी होती. रात्रीचा रखवालदार सातला येई आणि सातला जाई. उरलेला दिवस काकांचा. सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असे, काकांना नसे, कारण बंद दाराचीही राखण लागते. मागच्या अंगाला त्यांची एक खोली होती. पाली गावाच्या पलीकडे त्यांचं गाव, तिथे बायको. शिमग्याला दोन दिवस आणि गणपतीला दोन दिवस, एवढा त्यांचा संसार. मी एकदा म्हटलं, "काका, मी बसते दारात. तुम्ही जाऊन या." ते म्हणाले, "बाई, किल्ली सहीनं माज्याकडं आलीय. जायची ती सहीनंच." बाहेरचं कुलूप सरकारने घातलं होतं आणि आतलं त्यांनी स्वतःच, असं मला पुढे पुढे वाटू लागलं.

एकदा मात्र त्यांची फजिती झाली. दुपारच्या जेवणाला दार बंद केलं, तीनदा ओढलं, आणि आत हातखंब्याच्या एक आजी वीरगळाच्या मागे पदर डोक्याखाली घेऊन झोपलेल्या. तासाभराने दार उघडलं तेव्हा आजी आळस देत म्हणाल्या, "बरा केलात बाबा. घरी कोण झोपू देतंय?" आम्ही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. "आत अडकलेला माणूस भायरच्याला दिसत नाय," एवढंच म्हणाले आणि त्या दिवसापासून आत जाणाऱ्यांची डोकी मोजू लागले.

त्यांच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती ते प्रत्येक नव्या पोराला सांगत. त्यांच्या गावच्या सड्यावर कातळात कोरलेला एक मासा होता. लहानपणी गुरं घेऊन गेले की ते त्या माशात आडवे होत आणि आपण केवढे वाढलो ते मोजत. डोळ्याला डोकं लावायचं आणि पाय कुठे पोचतात ते बघायचं. "चवथीत कल्ल्यापर्यंत व्हतो. शाळा सोडली तवा पोटापर्यंत." पोरं विचारत, शेपटीपर्यंत कधी पोचलात? "शेपटीपर्यंत कोण पोचतंय? सात पावलांचा मासा हाय तो." मुंबईकडच्या एका पोराच्या बाबांनी त्यांना काचेच्या कपाटातली मूर्ती दाखवून विचारलं होतं, यातलं सगळ्यात जुनं काय? काकांनी सरळ सांगितलं, "सगळ्यात जुना हितं नाय. आमच्या सड्यावर हाय."

त्या मे महिन्यात एका सकाळी काका स्टुलावर नुसते बसून होते. तिकिटाचं पुस्तक मांडीवर तसंच होतं. गावाहून बायकोचा फोन आला होता. सड्यावर चिरेखाण सुरू झाली होती. चिरे कापणारं मशीन माशापासून शंभर पावलांवर आलं होतं. मी तावातावाने म्हटलं, "सडा तर तुमच्या भाऊबंदांचा सामाईक ना? विकला कुणी?"

काका म्हणाले, "सातबाऱ्यावर अठरा नावं. त्यात माजं एक." चुलतभाऊ दिवाळीच्या सुट्टीत कागद घेऊन इथेच आले होते, शाळेची सहल आत शिरत असताना. काकांना वाटलं, काजूच्या बागेच्या तुकड्याचा कागद आहे. एक डोळा पोरांच्या हातांवर ठेवून त्यांनी सही केली. कुलूप तीनदा ओढणाऱ्या माणसाने तो कागद एकदाही वाचला नव्हता.

त्यांनी रजेचा अर्ज केला. मी सांगितलं होतं, पोट बिघडलं लिहा, बायको आजारी लिहा, जग लिहितं. त्यांनी लिहिलं, 'गावी कातळावरील मासा पाहणेसाठी दोन दिवस रजा मिळावी.' रत्नागिरीतून मासा बघायला रजा! वरून शेरा आला, कारण सयुक्तिक नाही, शिवाय बदली माणूस उपलब्ध नाही. मासा वाचवा म्हणून मी वेगळं पत्र पाठवलं. त्याला आवक क्रमांक मिळाला. मशीनला आवक क्रमांक लागत नाही. काका रोज संध्याकाळी बायकोला फोन करून विचारत, "किती पावलं?" आणि तिने गुराख्यांना विचारून ठेवलेला आकडा ऐकून मान हलवत. ऐंशी. पन्नास. मग तिच्या माहेरी लग्न निघालं, ती गेली, आणि आकडे यायचे बंद झाले. मला त्यांचा रागही यायचा. किल्ली टेबलावर ठेवून सरळ एसटीत बसावं माणसाने, असं वाटायचं. पण ते स्टुलावरून हलत नसत. कोणी आत शिरलं की डोकी मोजत.

मी सहल बदलली. ठरलेल्या जागेऐवजी काकांचा सडा. घरून जुन्या चादरी आणायला सांगितल्या आणि कोळसे. शिलालेखाचा ठसा पोरांनी काढलेला होताच, आता माशाचा काढायचा. काकांनी मला वाट सांगितली. वडाशी उतरा, पऱ्याचा ओढा ओलांडा, पायवाटेनं सरळ वर. मिनीबस निघताना ते खिडकीशी आले. वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलणारा माणूस पोरांना म्हणाला, "तिथं हात मागं नका ठेवू हां. तिथं हात लावा. माज्या वतीनं लावा." आणि फाटक लावून तीनदा ओढलं.

सड्यावर ऊन असं होतं की चपलेतून चटका बसत होता. मासा होता. डोळा होता, कल्ले होते, पोट होतं. पोटापुढे कातळ सुरीने पाव कापावा तसा सरळ कापलेला होता आणि खाली खड्डा. शेपूट चिऱ्यांच्या थप्पीत गेली होती. त्या दिवशी खाणीच्या मालकाच्या घरी कसलं कार्य म्हणून मशीन बंद होतं. पोरं पालथी पडली. आयांनी खराट्याने खाचांतली माती काढली. आम्ही चादरी पसरून कोळसा घासला. एक चादर फुलाफुलांची, एकीवर मोटारींची चित्रं. मी म्हटलं, चालेल, माशाला काय कळतंय. दोन तासांत अर्धा मासा आमच्या चादरींवर आला. प्रत्येक पोराने खाचेत हात ठेवला आणि "काकांच्या वतीने" असं म्हणून उचलला.

परतलो तेव्हा बंद व्हायची वेळ झाली होती. चादरी आम्ही अंगणात जोडून अंथरल्या. काकांनी वहाणा काढल्या. कुणाला काही विचारलं नाही. डोळ्यापासून चालत निघाले, चार पावलांवर चादर संपली तिथे थांबले. मला वाटलं, आता हे रडतील आणि मला बघवणार नाही. पण ते खोलीत गेले आणि रंगकामातून उरलेल्या चुन्याची बादली घेऊन आले. वाकून, चादरीच्या काठापासून पुढे, अंगणाच्या फरशीवर त्यांनी बोटांनी रेघ ओढायला सुरुवात केली. "हितं बारीक व्हतो. हितं एक फाटा. हितं पावसाचं पाणी राह्यचं, गुरं प्यायची." सात पावलं पुरी झाली. मग साठीला आलेला तो माणूस चादरींवर आडवा झाला, डोळ्याला डोकं लावून, आणि मोठ्याने म्हणाला, "बगा रे, कुठपर्यंत पोचलो?" पोरं ओरडली, "पोटापर्यंतच!" त्या संध्याकाळी फाटक उघडंच होतं. रखवालदार आला आणि त्याने लावलं.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. किल्ली सहीने दिली. मे महिन्यात आले ते तिकीट काढून, हात मागे बांधून. "आता काय, रजाच रजा," मला म्हणाले. "जायला सडा नाय." चादरी कपाटात होत्या, नोंद नसलेल्या, कारण चादर पुरावस्तूत बसत नाही. त्या काढून अंगणात अंथरल्या आणि काकांनी शेपूट काढली. असे ते तीन वर्षं मे महिन्यात आले. चौथ्या वर्षी त्यांची बायको आली. काका कार्तिकात गेले होते.

तिला सावलीत बसवून मी चादरी अंथरल्या, चुना कालवला, पोरांना गोळा केलं. रेघ बारीक होत गेली आणि फाट्यापाशी माझं बोट थांबलं. तो डावीकडे वळायचा की उजवीकडे, मला आठवेना. फोटो शेकड्यांनी होते, सगळ्यांत पोरं, आणि शेपटीवर नेमकं कुणीतरी उभं. तिला विचारलं. ती म्हणाली, "मी नाय कंदी सड्यावर गेले, बाई. ते म्हणायचे, सुट्टी मिळाली की दाखवतो." मी चित्रकला शिकवते. तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि त्यांचा चेहराच बघत राहिले होते. हातातला चुना वाळून गेला तरी मी तिथेच वाकून होते, आणि मागून एक पोरगी विचारत होती, "बाई, पुढे काय?"