पात्याखाली दडलेली गाठ

बोदवड स्टेशनापासून दीड कोसावरच्या रेल्वे फाटकावर सुकदेव तायडे एकोणीस वर्षं गेटमन होता. फाटकाला खेटूनच एका खोलीचं क्वार्टर, त्यात तो आणि बायको द्रौपदाबाई. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. ड्यूटी बारा तासांची. दुसरी पाळी झिपरू नावाच्या गेटमनची, पण तो गावातून सायकलवर यायचा आणि तो येईपर्यंत सुकदेवला जागचं हलता येत नसे. अमळनेरच्या मुलीचं पहिलं बाळ त्याने पाहिलं तेव्हा ते रांगत होतं.

गाडीचा फोन आला की वाकायचं आणि लोखंडी हँडल फिरवायचं. तीस फेऱ्यांत फाटक खाली, गाडी गेली की तीस फेऱ्यांत वर. दिवसातून किती वेळा, ते त्याने मोजायचं कधीच सोडून दिलं होतं.

१९९१च्या उन्हाळ्यात त्याच्या उजव्या पाठीत, खांद्याच्या पात्याखाली काहीतरी अडकू लागलं. हात पुढे नेला की आत कट्‌ असा आवाज यायचा, जणू हाडाखालून कुणी चिंचोका सरकवला. आधी नुसता आवाज होता. दिवाळीपर्यंत दुखणंही आलं. तो उताणा झोपेनासा झाला.

एकदा पाठीला तेल लावताना द्रौपदाबाईचा हात थांबला. सुकदेव पुढे वाकून गुडघे कवटाळून बसला होता. पात्याच्या खालच्या टोकाशी मुठीएवढी गाठ होती. तो सरळ बसला तशी ती नाहीशी झाली.

"हे काय आहे हो?" ती म्हणाली. "आता होतं, आता नाही."

"वायगोळा असंन."

"पाठीत कुठं वायगोळा असते? मोठ्या डॉक्टरले दाखवा."

सुकदेवने शर्ट अंगात चढवला. मोठा डॉक्टर म्हणजे रेल्वेचा डॉक्टर. त्याच्या कागदावर एकदा 'अनफिट' लिहिलं गेलं की गेटमनकी गेली आणि गेटमनकीबरोबर ही खोलीही. रिटायर व्हायला चार वर्षं होती. ती कशीतरी ओढायची, असं त्याने ठरवलं होतं.

त्याच्या मनात आणखी एक शब्द होता, तो त्याने बायकोपुढे काढला नाही. त्याच्या थोरल्या भावाला, अभिमनला, मानेत गाठ आली होती. सहा महिन्यांत तो गेला.

रजा काढून तो गुपचूप जळगावला एका खासगी डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितला, सरळ उभं केलं, पाठ चाचपली. हाताला काहीच लागलं नाही. छातीचा फोटो काढला, तोही स्वच्छ. "खांदा आखडलाय," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. सुकदेव बसमध्ये बसला तेव्हा पुढच्या सीटची दांडी धरायला त्याने हात लांबवला, आणि गाठ पुन्हा वर आली. आपल्याला जाणवते, बायकोला दिसते, डॉक्टरपुढे मात्र लपून बसते. हे कुणाला कसं सांगायचं?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जे व्हायचं ते झालं. गाडीचा फोन आला, सुकदेवने हँडलला हात घातला आणि पंधराव्या-सोळाव्या फेऱ्याला पात्याखाली असं काही अडकलं की हात पुढेही जाईना, मागेही येईना. फाटक अर्ध्यावर लटकलेलं. फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, त्यामुळे गाडी लांब उभी राहून शिट्ट्या देत होती. केळीचा एक ट्रॅक्टर अर्धवट फाटकाखालून तसाच निघून गेला. सुकदेव हँडलवर ओणवा, कपाळावरून घाम गळत होता आणि त्याला श्वास पुरत नव्हता.

शिट्ट्या ऐकून द्रौपदाबाई धावत आली. तिने त्याचा हात सोडवला आणि स्वतः हँडल फिरवलं. गाडी नऊ मिनिटं उशिरा गेली.

आठवड्यात खुलासा मागणारा कागद आला. झोप लागली होती असं लिहिलं तर निष्काळजीपणा. हात अडकला असं लिहिलं तर अनफिट. आणि फाटक कुणी बंद केलं, हे तर लिहिताच येत नव्हतं. बाहेरच्या माणसाने हँडलला हात लावणं हाच मोठा गुन्हा. तो तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसला.

चौथ्या दिवशी द्रौपदाबाई म्हणाली, "आधी मले कळू द्या तुम्हाले काय झालंय. मंग काय लिहाचं ते लिहा."

तिचा मावसभाऊ भिकन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. त्याच्या ओळखीने ते डॉ. कुंदा महाजन या सर्जनबाईंपुढे बसले. बाईंनीही पाठ चाचपली, त्यांनाही काही लागलं नाही. सुकदेव शर्ट घालू लागला.

"थांबा. काम काय करता तुम्ही?"

"गेटमन आहे, रेल्वेत."

"फाटक कसं बंद करता, करून दाखवा."

सुकदेवला लाज वाटली. तरी तो वाकला, दोन्ही हात पुढे नेऊन रिकाम्या हवेत हँडल फिरवू लागला. तिसऱ्या फेऱ्याला बाई म्हणाल्या, "आता तसेच राहा, हलू नका." त्यांची बोटं गाठीवर आली. मग डाव्या बाजूला गेली. तिथेही लहानशी होती.

"कॅन्सर आहे का बाई?" सुकदेवने जमिनीकडे बघत विचारलं. द्रौपदाबाईने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"मला तसं वाटत नाही. पण तुकडा तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

सुईने काढलेला तुकडा मुंबईला गेला. उत्तर यायला अठरा दिवस लागले. तेवढे दिवस सुकदेव फाटकावरच होता, डाव्या हाताने हँडल फिरवत. गाडी यायच्या किती तरी आधी फाटक बंद करी आणि लोकांच्या शिव्या खाई.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावून सांगितलं. "ही साधी गाठ आहे. जिवाला धोका नाही. पातं आणि बरगड्या वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून हिचे रबरासारखे धागे तयार होत असावेत, असं मानतात. फार क्वचित दिसते. त्रास नसता तर मी हात लावला नसता. पण तुमचा हात अडकतोय, तेव्हा उजवीकडची काढू. डावीकडची राहू द्या."

ऑपरेशन पालथं निजवून झालं. शुद्ध आली तेव्हा हात छातीशी बांधलेला आणि पाठीतून नळी निघालेली. नळी काढल्यावर आत पाणी साचलं, ते दोनदा सुईने काढावं लागलं. शेजारच्या खाटेवरचा शिरपूरकडचा म्हातारा रोज विचारी, "भाऊ, आते कसं शे?" सुकदेव म्हणे, "बरं आहे." उताणं निजता येत नव्हतं. भिंतीकडे बघत त्याने खुलाशातलं एकेक वाक्य मनात जुळवलं.

त्याने सगळं लिहिलं. हात कधीपासून दुखतो, का लपवलं, फाटक बायकोने बंद केलं तेही. सोबत रिपोर्ट जोडला.

इन्स्पेक्टर साहेबांनी कागद वाचून विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फाटकावर ठेवलं असतं का साहेब?"

साहेबांनी कागद फाइलीत ठेवला. सक्त ताकीद मिळाली. रेल्वेच्या डॉक्टरांनी हँडलच्या कामाला अनफिट ठरवलं, पण नोकरी गेली नाही. बोदवड स्टेशनावर वेटिंग रूमची देखरेख मिळाली. क्वार्टर मात्र महिन्यात सोडावं लागलं. द्रौपदाबाईने दारापुढची बाज, चुलीचे दगड आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बैलगाडीत ठेवला, आणि ती दोघं गावात भाड्याच्या खोलीत गेली.

उजवा हात पूर्वीसारखा उठला नाही, पण अडकायचा थांबला. वेटिंग रूमला एकच खिडकी होती, तीही मालधक्क्याच्या भिंतीकडे. गाडीची घंटा झाली की सुकदेव खुर्चीवरून उठून उभा राही आणि मग आपल्याला काही करायचं नाही हे आठवून पुन्हा बसे. बाकावरची माणसं त्याच्याकडे बघत.

डावीकडच्या गाठीबद्दल ती दोघं बोलत नसत. मात्र तेल लावताना द्रौपदाबाई त्याला हात पुढे करायला लावी आणि पात्याखाली तळवा ठेवून बघे. "तेवढीच आहे," ती म्हणे. सुकदेव शर्ट घालून स्टेशनावर जाई. १९९५च्या जूनमध्ये तो रिटायर झाला, तोवर ती तेवढीच होती.