अण्णाचा कान

आमच्या गटात गाण्यांचं पुस्तक कुणाकडेच नव्हतं. रेकॉर्डी मोजक्या, त्याही दुसऱ्यांच्या. विलायतेतलं नवं गाणं रेडिओच्या शॉर्टवेव्हवर खरखरत यायचं आणि पुन्हा कधी लागेल याचा नेम नसायचा. पण अण्णानं ते एकदा ऐकलं की पुरे असे. दोन दिवसांनी तो कारखान्यातल्या जुन्या कार्डांच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं गिटारचे कॉर्ड लिहून आणायचा आणि आम्ही ते तसेच वाजवायचो. पुढे कधी मूळ रेकॉर्ड हाती आली, तर अण्णाचंच बरोबर निघायचं.

तो माझा भाऊ नव्हे. या कानडी शहराच्या चिकपेटेतल्या, आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत वयानं मोठ्या पुरुषाला अण्णा म्हणायची कानडी सवय आहे, म्हणून अण्णा. आमचे पूर्वज इथे कधी आले ते घरात कुणालाच नीट सांगता येत नसे, आणि आमची मराठी जरा थांबला ‘स्वल्प थांब’ नि बरं, बरंला ‘सरी, सरी’ अशा कानडी शब्दांनी भरलेली. अण्णा बेळगावकडच्या एका खेड्यातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आनेकलच्या रस्त्यावर डिझेल इंजिनं बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात नोकरीला. शहरात त्याचं आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं.

आमची ओळख तारांवरून झाली. साठीच्या दशकाचा मध्य होता, बाहेरचा माल जवळजवळ बंद झालेला, आणि गिटारच्या चांगल्या तारा मिळणं नशिबाची गोष्ट. वाद्यांच्या दुकानात एकच संच उरला होता आणि आम्ही दोघंही तोच मागत होतो. दुकानदार कंटाळून म्हणाला, तुम्हीच काय ते ठरवा. आम्ही फुटपाथवर उभं राहून तो वाटून घेतला. जाड तीन तारा त्यानं ठेवल्या, बारीक तीन मला दिल्या. बारीक लवकर तुटतात, तू फार जोर लावतोस, तुलाच लागतील, असं तो माझं वाजवणं न ऐकताच म्हणाला. माझ्या बोटांची टोकं बघून त्यानं ते ओळखलं होतं.

दोघांचीही गिटारं कलकत्त्याच्या बनावटीची, पोकळ. अण्णानं दोन्हींना तारांचा आवाज विजेनं पकडणारे पिकअप बसवले: टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली, केसासारखी बारीक तांब्याची तार. वाजवायच्या नख्या आम्ही साबणाच्या डबीच्या झाकणातून कापायचो. तारा गंजून मंद वाजू लागल्या की धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या. आईनं त्यासाठी एक पातेलं कायमचं काढून दिलं होतं.

तिसरा आमचा गायक. कॅन्टोन्मेंटमधला आँग्लो-इंडियन, रेल्वेत कारकून. त्याचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. या गायकाकडे अॅम्प्लिफायर होता, म्हणून सराव त्याच्या घरी. एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं प्लायवूडच्या पेटीत व्हॉल्व्ह बसवून तो बनवला होता. त्याला गिटारांसाठी दोन जागा होत्या, प्रत्येकीला आवाजाचं वेगळं बटन. शनिवारी दुपारी आम्ही त्याच्या पुढच्या खोलीत जमायचो. गायकाला अमेरिकन रॉक अँड रोल आवडे, तीन कॉर्डांचं, घसा फोडून म्हणायचं. मला इंग्लंडमधल्या चौकडींचं, दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळणारं गाणं. अण्णाला शब्दच नको असत. नुसत्या गिटारांच्या धुना, लांब घुमत जाणाऱ्या. त्या वाजवताना तो डोळे मिटून घ्यायचा.

पहिली गोष्ट लक्षात आली ती रेडिओची. हल्ली स्टेशन नीट लागत नाही, असं अण्णा म्हणू लागला. नवीन गाण्याचे कॉर्ड येईनासे झाले. आले तरी त्यात रिकाम्या जागा असायच्या. मग एका शनिवारी आम्ही वाजवायला लागलो आणि काहीतरी दाताखाली खडा यावा तसं झालं. अण्णाची सर्वांत बारीक तार चढी होती. मला वाटलं, खुंटी सरकली असेल. तो थांबला, तार कानाशी धरून पुन्हा जुळवली आणि आणखी चढवली.

गायकानं माझ्याकडे बघितलं. मी माझं गिटार उचललं आणि गुपचूप त्याच्या चुकीच्या तारेला माझी तार जुळवून घेतली.

असं आम्ही चार महिने केलं. कधी मी त्याच्या बरोबरीनं चुकीचं जुळवायचो. कधी तो पाणी प्यायला उठला की त्याचं गिटार हातात घेऊन नीट करून ठेवायचो. तो परत यायचा, एकदा छेडून बघायचा, कपाळाला आठी घालायचा आणि पुन्हा बिघडवायचा. ‘हवेनं उतरते की ही,’ म्हणायचा. आम्ही माना डोलवायचो. वाजवून झालं की गायक नेहमीसारखा ‘फाइन’ म्हणायचा. बोलतानाही अण्णा आता तोंडाकडे बघायला लागला होता, आणि मागून हाक मारली तर वळत नसे.

त्याच सुमाराला मी एकदा त्याच्या कारखान्यावर गेलो. गावाहून त्याच्या नावाची तार आमच्या पत्त्यावर आली होती, चुलता वारल्याची. पहारेकऱ्यानं मला मागच्या पत्र्याच्या शेडकडे पाठवलं. तयार झालेलं प्रत्येक इंजिन तिथं पूर्ण वेगानं तासन् तास चालवून बघत, आणि ते काम अण्णाचं. आत एका वेळी तीन इंजिनं चालू होती. त्या आवाजानं माझ्या छातीतलं हाडसुद्धा हललं. माणसं एकमेकांशी हातांच्या खुणांनी बोलत होती. अण्णाच्या कानांत तेल पुसायच्या चिंध्यांमधलं सूत कोंबलेलं होतं. मी कागद त्याच्या हातात दिला. तो वाचून त्यानं खिशात ठेवला, मला बाहेर जायची खूण केली आणि पुन्हा इंजिनाकडे वळला. परतीच्या बसमध्ये माझ्या कानांत शीळ वाजत राहिली, ती दुसऱ्या दिवशी थांबली. अण्णा तिथं सहा वर्षं होता.

मी हे गायकाला सांगितलं. तो म्हणाला, तूच सांग त्याला. तुमची भाषा एक आहे, आमच्या इंग्रजीत ते फार कोरडं वाटेल. मी हो म्हटलं. दोनदा अण्णाच्या खोलीपर्यंत गेलो, चहा प्यालो, परत आलो. मला जे काही वाजवता येत होतं ते त्यानं शिकवलेलं. तुझा कान गेला, हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? असं मी मनाशी म्हणायचो. खरं तर मला भीती वाटत होती की तो विचारील, कधीपासून?

त्या दिवसांत कॅन्टोन्मेंटमधल्या काही हॉटेलांत रविवारी सकाळी जॅम सेशन चालायचं. अकरा वाजता कॉलेजातली पोरंपोरी कॉफी पीत बसायची आणि आमच्यासारखे हौशी गट वाजवायचे. घरी मी हा शब्द सांगितला तेव्हा थोरल्या बहिणीनं, अक्कानं, विचारलं होतं, चपातीला लावायचा का. आम्हाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. त्या सकाळी अण्णानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि येताना सलूनमध्ये दाढी करून आला होता.

पहिलंच गाणं वाईट गेलं. अण्णाची बारीक तार माझ्या गिटारला आणि गायकाच्या आवाजाला चिरत होती. पुढच्या टेबलावरच्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. गायकाचा चेहरा लाल झाला. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आधी त्यानं माझ्याकडे बघितलं, मग अॅम्प्लिफायरकडे. अॅम्प्लिफायर माझ्या पायाशी होता. मी वाकलो आणि अण्णाचं बटन शून्यावर आणलं.

अण्णाला कळलं नाही. ड्रमच्या दणदणाटात तो वाजवत राहिला. त्याचे तुकडे मी वाजवले. त्यानंच शिकवलेले होते, म्हणून ते मला येत होते. दुसऱ्या गाण्याला टाळ्या पडल्या, तिसऱ्याला जास्त. अण्णा माझ्याकडे वळून हसला. त्याला वाटलं, आता जमलं.

चौथं गाणं म्हणजे त्याची आवडती धून. ती चालू असताना हॉटेलचा एक वेटर पुढे आला. भला माणूस, मदत करायलाच आला होता. त्यानं अण्णाच्या खांद्याला हात लावला, कानाकडे बोट केलं आणि नाही अशी मान हलवून अॅम्प्लिफायर दाखवला. अण्णानं खाली बघितलं. बटन बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

त्यानं बटन फिरवलं नाही. धून संपेपर्यंत तो उभा राहून बोटं चालवत राहिला. एकही जागा चुकली नाही, मी बघत होतो. संपल्यावर गिटार पिशवीत घातलं, अॅम्प्लिफायरची एक बाजू उचलली आणि माझ्याबरोबर तो गायकाच्या घरापर्यंत आणला. तिथून आम्ही दोघं बसथांब्यावर आलो.

‘कधीपासून?’ त्यानं विचारलं.

मी चार बोटं दाखवली. महिने, असं हळू तोंड हलवून म्हटलं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘कान गेलाय हे मला ठाऊक होतं रे. रात्रंदिवस शीळ वाजायलीय आत. पण गिटार नीट लागतंय असं मला वाटायचं. तुम्ही कुणी काही बोलत नव्हता, म्हणून वाटायचं.’

त्याची बस आधी आली.

पुढच्या आठवड्यात मी त्याला सरकारी इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की गेलेलं परत येत नाही, त्या शेडमधून लगेच बाहेर पडा म्हणजे उरलंय ते राहील. अण्णानं तो कागद चार घड्या करून फाडला. कारखान्यात कळलं तर बहिरा म्हणून काढून टाकतील आणि दुसरीकडे कुणी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं मला शपथ घातली की कुठे बोलायचं नाही. मी पुन्हा गप्प बसलो, आणि तो आणखी वर्षभर त्याच शेडमध्ये उभा राहिला.

सरावाला तो परत आला नाही. आम्ही बोलावलंही नाही. तिघांनी काही शनिवार वाजवून बघितलं, पण नवीन गाणं उतरवून घेणारं कुणी नव्हतं. आम्ही रेडिओपुढे वह्या घेऊन बसायचो आणि भांडायचो. मग गायकाच्या घरच्यांचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं, आणि आमचं वाजवणं थांबलंच.

अण्णाचं बहिरेपण शेवटी फोरमननं ओळखलं. इंजिनाच्या आवाजातला बिघाड अण्णाला ऐकू आला नाही आणि इंजिन आतून फुटलं. माणूस कुणी दगावला नाही, पण नोकरी गेली. गावी शेत बघायला भाऊ होता, तिकडे जायचं त्यानं ठरवलं. मी त्याला बसवर पोहोचवायला गेलो. बरोबर एक ट्रंक होती. गिटार दिसलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तो खिडकीशी बसला. मी खाली उभा होतो. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तेव्हा मी म्हटलं, ‘अण्णा, माझं चुकलं. त्या दिवशी मी तसं करायला नको होतं.’ तो तेव्हा पाठमोरा उभा राहून वरच्या फळीवरची ट्रंक नीट करत होता. हे बोलायला मला त्याआधी पाऊण तास मिळाला होता.

माझा हात खिडकीच्या गजावर बघून तो वाकला. ‘काय म्हणालास?’

‘सांभाळून जा,’ मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. महिन्यानं त्याचं पोस्टकार्ड आलं. पोहोचलो, मिरची बरी आलीय, आईला नमस्कार सांग, एवढंच. मी लगेच उत्तर लिहिलं, चांगलं मोठं. त्यात सगळं लिहिलं होतं. ते त्याला मिळालं की नाही, मला कळलं नाही. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही, आणि मीही दुसरं टाकलं नाही.