हॉर्न ऐकून धावत येणारे तित्तर

चाळीस तित्तर माझ्या पिकअपकडे धावत येत होते. पळून जात नव्हते, येत होते. माना पुढे, पाय भराभर, पंगत बसल्याची हाक ऐकून पोरं धावतात तसे. मी इंजिन बंद केलं. सगळ्यात पुढचा नर बॉनेटसमोर थांबला आणि उशीर झाल्याबद्दल जाब विचारावा तशी मान वाकडी करून माझ्याकडे बघू लागला.

सीझन सुरू व्हायला बारा दिवस होते.

काम काय ते आधी सांगते. बहरीनच्या दक्षिणेला वाळवंटात सरकारी जमिनीचा एक कुंपण घातलेला तुकडा आहे. थोडी बोरीची झाडं, बाकी काटेरी झुडपं. इथे रानपक्ष्यांची शिकार मनाला येईल तशी करता येत नाही. या तुकड्यात मात्र हिवाळ्यात, ठरलेल्या दिवशी, परमिट असेल तर ससाणा पाळणाऱ्यांना आपले ससाणे तित्तरांवर सोडता येतात. बंदूक नाही. किती तित्तर सोडायचे, किती उरले पाहिजेत, कुठली बाजू कधी बंद ठेवायची, हे बघण्याचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. मी तिथली फील्ड कोऑर्डिनेटर. मूळची साताऱ्याची, शिक्षण पोल्ट्रीचं, राहायला राजधानीतल्या माहूज भागात. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे आणि पगारही त्याचाच मिळतो.

तित्तर म्हणजे कबुतराएवढा, गोल अंगाचा, कोंबडीच्या कुळातला पक्षी. आमचे तित्तर पिंजऱ्यात वाढवलेले असतात. ते एकदम उघड्यावर सोडले तर दोन दिवसांत मरतात. म्हणून त्यांना काही आठवडे जागेवरच जाळीखाली ठेवायचं, मग दार उघडायचं आणि आपण लांब राहायचं. याला सॉफ्ट रिलीज म्हणतात. यात सगळ्यात महत्त्वाचं काम आपण लांब राहणं हेच. माणसाची भीती हीच त्या पक्ष्याची एकमेव इस्टेट. ती गेली तर ससाण्यासमोर तो तित्तर नाही, ताटातली कोंबडी.

या जागेवर रोज जाणारा माणूस एकच, सदूभाऊ. राजापूरकडचे, पन्नाशीचे, आधी ड्रायव्हर, आता बर्ड कीपर. पाणी भरणं, दाण्याचे ड्रम भरणं, कुंपण तपासणं, आणि प्रत्येक कामापुढे माझ्या यादीत टिक करणं. त्यांच्या टिका बघण्यासारख्या असत. एकही राहिलेली नाही, एकही घाईत केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गाडीत बसले.

गेटमधून आत शिरताना त्यांनी दोनदा हॉर्न दिला. झुडपं हलली.

"हा हॉर्न कशाला, सदूभाऊ?"

"तुमच्याच लिस्टमध्ये हाय, मॅडम. पॉइंट सात. गाडी आत घेताना दोनदा हॉर्न, पक्षी चाकाखाली येऊ नये म्हणून."

मी यादी काढली. पॉइंट सात होता. खाली माझी सही होती.

पाणी भरून झालं. दहा वाजता सदूभाऊंनी गाडीचं मागचं फळकूट पाडलं, त्यावर बसले आणि डबा उघडला. पहिला घास त्यांनी बाजूला काढला आणि वाळूत ठेवला. मग दुसरा. मग मूठभर भात पसरला. "या रे, या," म्हणाले. चाळीसच्या चाळीस हजर.

"हे किती दिवस चाललंय?"

"दार उघडलं तेव्हापासून."

"सदूभाऊ, हे रानटी पक्षी आहेत!"

"असतील. पण जेवताना समोर कोण बघत असेल तर एकट्याच्या घशाखाली उतरतं काय, मॅडम? आमच्याकडे तर कावळ्यालाही काढून ठेवतात."

हॉर्न माझा, भात त्यांचा. आम्ही दोघांनी मिळून तित्तरांना शिकवलं होतं की पांढरी पिकअप आली म्हणजे जेवण आलं. आणि बहरीनमध्ये ससाणेवाले येतात कशातून? पांढऱ्या पिकअपमधून.

मॅनेजर खालिद यांना फोन केला. ते बहरीनी, माझ्याशी निम्मं इंग्लिश आणि निम्मं हिंदी बोलतात. रागावले की सगळं हिंदी.

"मॅडम, ये तित्तर है या मुर्गी है?"

"सध्या मुर्गी. मला दहा दिवस द्या."

"नये लाओ. खलास."

"नवे आणले तर आधी विलगीकरण, मग जाळी. तोवर सीझन संपेल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "उस आदमी का रिन्यूअल मेरे टेबल पे है. ट्रायल पास, तो साइन. ट्रायल फेल, तो कॅन्सल."

इथे माणसाला कॅन्सल करतात म्हणजे त्याचा व्हिसा रद्द करतात. ट्रायल म्हणजे परमिट ऑफिसचा अधिकारी एका जुन्याजाणत्या ससाणेवाल्याला घेऊन येतो आणि पक्षी खरंच रानटी वागतात का ते बघतो. ती दहाव्या दिवशी होती. पॉइंट सात कोणी लिहिला हे मी खालिदना तिथल्या तिथे सांगितलं. ते म्हणाले, "आपका बाद में देखेंगे." म्हणजे सदूभाऊंचं आधी.

मी नवी यादी केली. कामावर येताना हॉर्न बंद. जागेवर जेवण बंद. पाणी कुंपणाबाहेरून पाइपने. दाण्याचे ड्रम झुडपांच्या आत, म्हणजे दाणा खाताना माणूस दिसणार नाही. आणि रोज दोन वेळा घाबरवणं. ऑफिसमधला जो कोणी मोकळा असेल त्याने पिकअप घेऊन आत जायचं, हॉर्न द्यायचा, पक्षी आले की उतरून पत्रा बडवत अंगावर धावायचं. अकाउंट्समधला मल्याळी मुलगा हे काम इतक्या मनापासून करू लागला की त्याला आवरावं लागलं.

तीन दिवसांत तित्तर आम्हा सगळ्यांना घाबरायला लागले.

चौथ्या दिवशी पाइप फुटला म्हणून सदूभाऊ आत गेले. चाळीस तित्तर पुन्हा रांगेत. पक्षी बिनडोक असतात असं म्हणणाऱ्याने हे बघायला हवं होतं. त्यांनी गाड्या सोडून माणूस ओळखायला सुरुवात केली होती. पण सीझनमध्ये सदूभाऊंसारखा टोपी घातलेला, शांत चालणारा कोणीही आला असता तर ते त्याच्याकडेही गेले असते.

"आता तुम्हीच हाकला त्यांना," मी म्हटलं.

"नाय जमणार, मॅडम."

"का?"

"अन्नाला बोलावून मारायला धावायचं? हे पाप मी नाय घेणार. परत पाठवा मला हवं तर."

"पाठवतीलच. तो फॉर्म टेबलावर आहे. पण तुम्ही राजापूरला पोचाल आणि हे इथेच राहतील. पहिल्या दिवशी पहिली गाडी येईल, हे तिच्यासमोर जेवायला उभे राहतील. मग ते पाप कुणाच्या नावावर घालू? यादीत तसा रकाना नाही."

ते गाडीत पडलेल्या पत्र्याच्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही गाडीत बसा. बघू नका."

मी आरशातून बघितलं. त्यांनी दोनदा हॉर्न दिला. तित्तर आले. सदूभाऊ पत्रा बडवत त्यांच्या अंगावर धावले. तोंडाने मालवणीत काय काय म्हणत होते ते मी लिहीत नाही. पहिल्यांदा पक्षी चार पावलं मागे सरले आणि पुन्हा पुढे आले. त्यांना ती गंमत वाटली असावी. दुसऱ्यांदाही तेच. पाचव्या खेपेला तो पुढचा नर फर्रकन उडाला आणि बाकीचे त्याच्यामागे. सदूभाऊ परत आले, गाडीत बसले आणि डबा न उघडताच तसाच घरी नेला.

सलग सहा दिवस, दिवसातून दोनदा. तीन तित्तर कशालाच बधले नाहीत. त्यांना पकडून पुन्हा जाळीत ठेवलं. ट्रायलच्या फॉर्मवर मी संख्या सदतीस लिहिली आणि कारण खरं लिहिलं. खालिदना ते आवडलं नाही.

ट्रायलला अधिकाऱ्यांबरोबर अबू सालेम आले. सत्तरीचे, हातावर ससाणा, त्याच्या डोक्यावर डोळे झाकणारी चामड्याची टोपी. गाडी अर्थात पांढरी पिकअप. मी ड्रायव्हरला सांगितलं, "दोनदा हॉर्न दे."

खालिद माझ्या कानाशी म्हणाले, "पागल हो गयी?"

हॉर्न वाजला. झुडपात सळसळ झाली आणि पलीकडच्या बाजूने तित्तर उडाले, बाणासारखे. अबू सालेमनी घाईने ससाण्याची टोपी काढली, ससाणा सुटला. शेवटच्या तित्तराच्या मागे गेला, खाली झेपावला आणि रिकामा वर आला. तित्तर बोरीच्या काट्यांत घुसला होता. अधिकारी लिहायचं थांबले. खालिदचा चेहरा पडला.

अबू सालेम हसत होते. "ये असली है," मला म्हणाले. "मेरा बाज इस साल मोटा हो गया. ये उसको दुबला करेगा."

परमिटवर तिथेच सही झाली. सदूभाऊंच्या फॉर्मवर त्याच दुपारी. सदूभाऊंनी बातमी ऐकली, मान डोलावली आणि विचारलं, "ते तिघे जाळीत आहेत, त्यांना दाणा कोण घालतंय?"

इथे संपायला हवं होतं. सीझनच्या तिसऱ्या दिवशी खालिदचा फोन आला.

"मॅडम, कम्प्लेंट है. गाडी जाती है तो मफी तित्तर, एक भी नहीं. सब भाग जाते हैं. क्लायंट लोग को कुछ दिखता नहीं."

"बरोबर. तेच तर आपण शिकवलं."

"गाडी के पास थोडा दाना डालो ना. सिर्फ वीकेंड."

मी फोन कानापासून लांब धरला आणि दहापर्यंत मोजलं. मग सांगितलं की गाड्या गेटवर राहतील आणि शिकारी चालत आत जातील. तित्तर गाडीला घाबरतात, चालणाऱ्याला जवळ येऊ देतात आणि मग उडतात. पूर्वी असंच चालायचं, हवं तर अबू सालेमना विचारा. त्यांनी विचारलं. अबू सालेमनी त्यांना काय ऐकवलं ते मला कळलं नाही, पण परवानगी आली.

बोर्ड लावला. अरबीत, इंग्लिशमध्ये, मोठ्या अक्षरांत. पहिल्या शुक्रवारी बोर्डाच्या बाजूने चार गाड्या आत गेल्या. तेव्हा मी गेटला साखळी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. तित्तरांना शिकवायला दहा दिवस लागले होते, आणि त्यांच्यासाठी कुलूप लागलं नव्हतं.