हॉलिस ट्रॅमेलचा मोकळा शनिवार

हॉलिस ट्रॅमेलला धर्म विचारला तर तो बॅप्टिस्ट म्हणून सांगतो. पण सांगताना डोक्यावर जी टोपी असते, तिच्यावर खेचराचं तोंड असतं. शेतकी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नाव 'खेचरं'. या खेचरांवरून हॉलिसने उभा जन्म ओवाळून टाकलाय. तो त्या विद्यापीठात शिकलेला नाही. शिकणं सोडाच, तिथली लायब्ररी कुठल्या बाजूला आहे हेही त्याने कधी पाहिलेलं नाही. मात्र स्टेडियमबाहेर गाड्या लावायच्या मैदानात कुठल्या ओकची सावली कधी कुठे सरकते, हे त्याला पाठ आहे. पोट भरण्यासाठी त्याचं टायरचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक कुठल्या संघाचं आहे, यावर हवा किती मन लावून भरायची ते ठरतं.

राज्यातलं दुसरं विद्यापीठ जुनं, श्रीमंत. त्याला सगळे नुसतं 'थोरलं' म्हणतात. तिथून वकील, डॉक्टर आणि हॉलिसच्या मते, स्वतःच्या गाडीचं चाक बदलता न येणारी माणसं बाहेर पडतात. त्यांच्या संघाचं नाव 'ससाणे'. पूर्वी दोन्ही संघ दरवर्षी खेळायचे. मग सावलीतल्या बाकांवर कोणाच्या लोकांनी बसायचं यावरून वाद झाला, तो विधिमंडळापर्यंत गेला आणि हॉलिसला मिसरूड फुटायच्या आत सामना बंद पडला तो पडलाच. तेव्हापासून एकमेकांना हरवायची सोय उरलेली नसल्यामुळे लोकांना नुसत्या द्वेषावर दिवस काढावे लागतात. तो एक सामना डोळ्यांनी पाहायचा आणि मग खुशाल मरायचं, असं हॉलिस दुकानात येईल त्याला ऐकवायचा.

अशा माणसाची मुलगी ट्रीना डॉक्टर रॉयस ओगलट्रींच्या मुलाच्या, ग्रेडीच्या प्रेमात पडली. ओगलट्री गावाचे दातांचे डॉक्टर. थोरल्यात शिकलेले, आणि ते पाच मिनिटांच्या आत तुम्हाला कळेल याची काळजी घेणारे.

"पोरगा चांगला आहे," हॉलिस बायकोला, नेल्डाला म्हणाला. "जन्म कुठे घ्यायचा हे काही कोणाच्या हातात नसतं."

लग्नाची तारीख ठरली मे महिन्यात, स्वयंपाकघराच्या टेबलावर. नेल्डाने कॅलेंडर पसरलं आणि हॉलिसने पेन घेऊन शरद ऋतूतले, म्हणजे सामन्यांच्या हंगामातले सगळे शनिवार खोडून टाकले. यात नवल काही नव्हतं. नेल्डाच्या आईचं दफनसुद्धा त्याने शनिवारवरून मंगळवारवर ढकललं होतं आणि वर थडग्यापाशी, म्हातारी फार समजूतदार होती, असं भाषण ठोकलं होतं.

"नाताळानंतरचा शनिवार?" नेल्डाने विचारलं.

"घे की. मोकळा आहे."

"आणि बोल सामना लागला तर?"

निम्मे सामने जिंकले, की हंगाम संपल्यावर 'बोल' नावाचा एक जादा सामना बक्षीस मिळतो. असले सामने आता इतके झालेत, की बक्षीस चुकवायलाच खरं कसब लागतं. ते कसब खेचरांच्या अंगात बारा वर्षं होतं.

हॉलिस हसला. बराच वेळ हसला. "आपल्याला? बोल?" तो डोळे पुसत म्हणाला. "दुपारी दोनचा मुहूर्त ठेव आणि निवांत झोप."

ट्रीना त्या वेळी दारात उभी होती. तिने ते हसणं ऐकलं.

पुढे त्या वर्षी खेचरांना काय झालं कोणास ठाऊक, ती जिंकू लागली. सुंदर खेळून नव्हे. समोरचे घसरून पडायचे, पाऊस यायचा, पंचांना काहीतरी वेगळंच दिसायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्याला बोल एका विजयावर आला होता. सामना संपता संपता किकरने मारलेला चेंडू खांबावर आपटला, क्षणभर विचारात पडला आणि आतल्या बाजूला पडला. गावात बंदुकांचे बार निघाले. हॉलिस सोफ्यावर थिजून बसला होता.

"किक मारायच्या आधी तुझे ओठ हलत होते," नेल्डा म्हणाली.

"प्रार्थना करत होतो."

"कोणत्या बाजूची?"

हॉलिस उठून बाहेर कुत्र्याला जेवण घालायला गेला. कुत्र्याचं जेवण मघाशीच झालं होतं.

आठवड्याने घोषणा झाली. एका गादीवाल्या कंपनीने आपलं नाव दिलेला बोल पाच तासांवरच्या शहरात होता. तिकिटं खपेनात म्हणून संयोजकांनी डोकं लढवलं आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे शेजारी समोरासमोर आणले: खेचरं विरुद्ध ससाणे. नाताळानंतरचा शनिवार, दुपारी दोन.

दुकानात पहिला आला तो वेंडेल. हा हॉलिसचा शाळेपासूनचा मित्र. टायर त्याला क्वचितच लागायचे. दुकानात बसायला खुर्ची मात्र रोज लागायची.

"काय रे," वेंडेल म्हणाला, "तारीख म्हणे तूच काढलीस?"

"मोकळी होती."

"मोकळी म्हणजे? तुझी श्रद्धा नव्हती असं म्हण ना. अख्ख्या गावाला टोप्या घालायला लावतोस आणि स्वतः मे महिन्यातच हात वर केलेस होय?"

"तू येणारेस ना लग्नाला?"

वेंडेलने भिंतीवरच्या टायरांच्या किमती वाचायला सुरुवात केली. "भेटवस्तू आधीच पाठवतो," तो म्हणाला.

हॉलिसचा मग एक दात दुखू लागला. जन्मात ज्या दवाखान्याची पायरी चढला नव्हता, तिथे जाऊन तो खुर्चीत आडवा झाला. ओगलट्रींनी त्याच्या तोंडात आरसा घातला, चिमटा घातला, कापसाचे बोळे कोंबले आणि दार लावून घेतलं.

"दाताला काही झालेलं नाही, मिस्टर ट्रॅमेल."

"आँ."

"माझ्याकडे तिकीट आहे. मधल्या रेषेवरचं. मुलगा माझं ऐकत नाही. म्हणतो, तारीख ट्रीनाच्या वडिलांनी दिली."

"आँ."

"तुम्ही तिला सांगा, लग्न सकाळी घ्या. मी पाठिंबा देतो. आपल्यात बाकी काही जुळत नसेल, पण आपण दोघंही बाप आहोत."

बाप असल्याची आठवण दोघांनाही फार योग्य वेळी झाली होती. हॉलिसने तोंड मिटून मान डोलावली आणि तेवढ्यात डॉक्टरांचं बोट चावलं.

संध्याकाळी ट्रीना वऱ्हाडाला द्यायच्या बदाम जाळीच्या कापडात बांधत बसली होती. हॉलिसने आधी चर्च सकाळी किती सुंदर दिसतं ते सांगितलं. मग उन्हाचा कोन सांगितला. मग पाहुण्यांची भूक.

"डॅडी," ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही जा. सामन्याला जा. मी खरंच रागावणार नाही. वेदीपर्यंत एकटी चालत जाईन मी."

"असं कसं म्हणतेस?"

"मग काय म्हणू? खेचरांवर भरवसा नव्हता म्हणून तुम्ही हा दिवस मला दिलात. चांगला दिवस आहे म्हणून नाही. आता खेचरं जिंकली, तर तो परत मागताय." तिने गाठ घट्ट ओढली. "दोन वाजता दाराशी दिसलात तर हात धरेन. नाही दिसलात तर पाद्री आहेच."

 नंतरचे सगळे दिवस दुकानात ससाण्यांच्या गाड्यांनाही हॉलिसने नीट हवा भरली, एवढं त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शनिवारी वधूपक्षाचे अर्धे बाक रिकामे होते आणि वरपक्षाचेही अर्धेच भरले होते. दोन घराण्यांची आवड इतकी जुळलेली लग्नं गावात फारशी झाली नसतील. आलेल्यांचे फोन पाद्री ब्रदर लॅमरने दाराशी टोपलीत काढून घेतले होते. पुढच्या बाकावर डॉक्टर ओगलट्री, मुलाचा नव्हे तर स्वतःचाच बळी जाणार असल्यासारखे बसले होते. मधली रेषा त्यांनी पुतण्याला दिली होती.

दोनला दहा कमी असताना हॉलिस दाराशी आला. अंगावर सूट, डोक्यावर काही नाही. कपाळाचा एरवी टोपीखाली असणारा भाग पांढराफटक दिसत होता. गावातल्या बऱ्याच लोकांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

ट्रीना पुढे झाली. तिने हात धरला. ऑर्गन सुरू झाला.

अर्ध्या वाटेवर असताना बाहेरून हॉर्न ऐकू आला. लांबलचक. गाडीत रेडिओ लावून बसलेल्या कोणीतरी दाबला होता, म्हणजे कोणीतरी टचडाउन करून गुण मिळवले होते. कोणी, ते हॉर्नवरून कळत नाही. हॉलिसचं पाऊल अडखळलं. पुढच्या बाकावर ओगलट्रींची मान खिडकीकडे वळली.

"आपलं असेल," ट्रीना ओठ न हलवता म्हणाली.

"छे," हॉलिस म्हणाला. "त्यांचंच."

आणि इतक्या वर्षांच्या हाडीमाशी भिनलेल्या खात्रीने त्याचं मन एकदम शांत झालं. हरायचा सामना चुकला तर बिघडलं काय? तो ताठ चालत वेदीपर्यंत गेला आणि मुलीचा हात ग्रेडीच्या हातात देताना त्याचे डोळे भरून आले. ते कशामुळे, यावर गावात अजून एकमत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये फळांच्या रसाचं पंच, हॅम घातलेली बिस्किटं आणि पुदिन्याच्या मऊ वड्या मांडल्या होत्या. पाहुणे जायला लागले तेव्हा वेंडेल दारातून आत आला. गावातल्याच बारमधल्या मोठ्या टीव्हीवर पाहून आला होता. चेहरा लाल, घसा बसलेला. त्याने आधी केक घेतला.

"काय झालं?" हॉलिसने विचारलं. "जिंकलो का आपण?"

"आम्ही जिंकलो," वेंडेल तोंडभर केक घेऊन म्हणाला. "तू इथे होतास."

शेजारच्या खुर्चीत ओगलट्रींनी डोळे मिटून घेतले.

हॉलिस टेबलाशी बसला. मग त्याने वड्यांचं ताट पुढे ओढलं. "दाखव," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

वेंडेलने टेबलक्लॉथवर हिरव्या वड्यांची खेचरं मांडली, गुलाबी वड्यांचे ससाणे. थोड्या वेळाने हॉलिसचा आवाज चढला. जिंकलेल्या सामन्यात कोचने केलेल्या तीन घोडचुका त्याला सापडल्या होत्या.

"इथे किक मारायला सांगतं का कोणी? गाढव आहे कोच."

"अरे, आत गेली किक."

"नशिबाने गेली."

प्रवासाचे कपडे घालून ट्रीना मागे येऊन उभी होती. तिने वाकून एक हिरवी वडी उचलली आणि तोंडात टाकली.

"डॅडी, हा कोण होता?"

"आपला किकर."

"छान होता," ती म्हणाली. "निघते मी."

हॉलिस तिच्यामागोमाग बाहेर गेला. तिला मिठी मारली, जावयाशी हस्तांदोलन केलं, मग गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक चाकावर बूट दाबून पाहिला. "पुढच्या डाव्यात हवा कमी आहे," तो म्हणाला. "पहिला पंप लागला की भरून घ्या. विसरू नका." गाडी वळणाआड जाईपर्यंत तो त्या डाव्या चाकाकडे बघत उभा राहिला.

मग आत येऊन त्याने किकरच्या जागी नवी वडी ठेवली.

"हं, बोल," तो म्हणाला. "पण हे बघ वेंडेल, आपण जिंकलो, असं म्हण आधी."

वेंडेलने पंचचा घोट घेतला आणि विचार करायला वेळ मागितला.