गुड फ्रायडेचा चेक

हॅलिफॅक्सच्या चढावरचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान क्लेमंट होलरॉइडने एकतीस वर्षं चालवलं. माणूस सरळ, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही. गुड फ्रायडेला पैशाच्या व्यवहाराला हात लावायचा नाही, असं आईने लहानपणी बजावलं होतं. आई गेली, चॅपलला जाणं सुटलं, हा नेम मात्र सुटला नाही.

दुकान विकून बरा नफा झाला. तो नव्या कंपनीच्या शेअर्समध्ये घातला तर कर लांबणीवर पडतो, हे भाची ब्रायनीने सुचवलं. तिची स्वतःचीच कंपनी होती, मेंढीच्या लोकरीपासून भिंतींचं अस्तर बनवणारी. गुड फ्रायडेला घरचे सगळे जमलेले, तेव्हा तिने स्वयंपाकघरातच संचालकांची बैठक उरकली आणि शेअर्स मामाच्या नावावर चढवले.

"मामा, चेक?"

"मंगळवारी. आज फ्रायडे आहे ना!"

"अगदी आजीचा मुलगा आहेस," म्हणत तिने त्याच्यापुढे बन सरकवला.

तीन वर्षांनी करखात्याचं पत्र आलं. शेअर्स दिले त्या वेळी पैसे पोचलेले हवे होते, ते चार दिवसांनी पोचले, म्हणून सवलत रद्द. एक्केचाळीस हजार पौंड भरा. पैसे तर लोकरीत अडकलेले. राहतं घर विकण्यावाचून मार्ग नव्हता. क्लेमंटने लवादाकडे दाद मागितली खरी, पण तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. किटली ठेवायचा आणि चहा करायला विसरायचा. बागेतलं फाटक दिवसातून चारदा उघडून पुन्हा लावायचा.

ब्रायनी रोज फोन करी. "शुक्रवारी चेक माझ्या हातात दिलास, मी तो मंगळवारी बँकेत भरला, एवढंच म्हण. चेक हातात पडला की पैसे पोचले असंच धरतात. बँकेकडच्या चेकच्या नकलेवर तारीखसुद्धा वाचता येत नाही. घरच्यांखेरीज कोण बघायला होतं?"

"तू होतीस."

"मी बोलणार आहे का? आणि आजीला आता काय कळतंय, मामा!"

त्याला तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तो मनातल्या मनात ते वाक्य घोकत होता. सुनावणीच्या दिवशी लीड्सला जाताना गाडीतही घोकत होता.

खात्याची वकील पोरगेलीच होती. तिने सौम्यपणे विचारलं, "होलरॉइडसाहेब, चेक कधी दिलात?"

ब्रायनी टक लावून बघत होती. क्लेमंटने तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं.

"मंगळवारी," तो म्हणाला. "गुड फ्रायडेला मी जन्मात चेक लिहिलेला नाही."

बाहेर आल्यावर ब्रायनी पायरीवर बसून रडायला लागली. "घर गेलं रे तुझं, मामा!"

"गेलं," तो म्हणाला. त्याने खिशातून पाकीट काढलं. "ऊठ, चहा घेऊ. आज बुधवार आहे, पैसे मी देतो."