खाजणात टाकलेली घरं

विक्रोळीच्या टेकडीवरची संरक्षक भिंत कोसळली तेव्हा खालची चौदा घरं तिच्याबरोबर गेली. माणूस एकही दगावला नाही, आणि याचं श्रेय कुठल्याही सरकारी खात्याचं नाही. भिंतीला पोट आलंय हे वस्तीतल्या बालवाडीच्या बाईंनी आदल्या दिवशी पाहिलं आणि दारोदार फिरून, भांडून सगळ्यांना बुद्धविहारात नेऊन बसवलं. या धावपळीत स्वतःच्या घरातून त्यांनी काहीच काढलं नाही.

मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे नोकरीला होते. पाडकाम, कोसळलेल्या इमारतींचा राडारोडा उचलणं, अशी सरकारी कामं तो घ्यायचा आणि मी ती सांभाळायची. डंपरच्या प्रत्येक फेरीच्या चिठ्ठीवर माझी सही लागायची. राडारोडा मुलुंडच्या पुढच्या मंजूर मैदानावर न्यायचा, तिथे तो चाळून लोकांचं सामान वेगळं काढायचं, असं कंत्राटात स्वच्छ लिहिलं होतं. ते कलम मीच टाईप केलं होतं.

पहिल्याच सकाळी बाई पोकलेनसमोर येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेली, पदर कमरेला खोचलेला. त्यांना फक्त तासभर हवा होता. घरात पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात फोटोपास, जुनी रेशन कार्डं, लाइट बिलं, म्हणजे पस्तीस वर्षं तिथे राहिल्याचे सगळे कागद. देखरेखीवरचे अधिकारी नाही म्हणाले. संध्याकाळी मोठ्या साहेबांची पाहणी होती, रस्ता मोकळा दिसायला हवा होता. मग मी बाईंची समजूत घातली. सगळं मैदानावर जाईल, तिथे चाळलं जाईल, मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या. माझ्या शब्दावर बाजूला झाल्या, हे मला अजून सलतं.

चौथ्या दिवशी त्या एक नोटीस घेऊन आल्या. पर्यायी घर हवं असेल तर पडलेलं घर आपलंच होतं याचा पुरावा पंधरा दिवसांत द्या, नाहीतर अपात्र. घर उचलून नेलं सरकारच्या हुकमाने, आणि ते कुठे होतं हे सरकारच विचारत होतं. मी रिक्षा केली आणि आम्ही दोघी मैदानावर गेलो.

तिथल्या रखवालदाराने वही उघडून दाखवली. त्या आठवड्यात विक्रोळीहून एकही गाडी आली नव्हती. माझ्या पर्समध्ये सही केलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकीवर त्याच मैदानाचा शिक्का होता. रखवालदाराने तो शिक्का पाहिला, आपल्या टेबलावरचा शिक्का माझ्यापुढे ठेवला. दोन्ही वेगळे होते.

मी आमच्या एका ड्रायव्हरला फोन लावला. माल कुठे टाकला, असं विचारलं. त्याने उलट मलाच विचारलं.

"मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच नवल होतं. डंपर पाऊण तासात परत येत होते. मैदानावर जाऊन यायला दोन तास लागतात. हे मला दिसत नव्हतं असं नाही. काम उरकतंय म्हणून मी बघितलं नव्हतं.

त्याने सांगितलेल्या जागी आम्ही दोघी गेलो. सगळा माल हायवेच्या पलीकडे, खाडीकाठच्या दलदलीच्या खाजणात टाकला होता. तिवरांची झाडं निम्म्यापर्यंत गाडली गेली होती. विटांच्या ढिगात कुणाचा कुकर, कुणाची वह्या भरलेली बॅग. बाई भिंतींच्या रंगावरून घरं ओळखत होत्या. हिरवी शेजारणीची, गुलाबी कोपऱ्यावरच्या शिंप्याची. त्यांची निळी भिंत मधोमध पडली होती आणि भरतीचं पाणी तिच्याखाली शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका घमेली घेऊन आल्या. मीही उतरले. दोन दिवसांत सहा घरांचे कागद मिळाले. बाईंची पेटीही मिळाली, चेपलेली. आतल्या कागदांचा चिखल झाला होता. बाईंनी तो हातात घेतला, वाचता येतंय का पाहिलं, परत पेटीत ठेवला.

"आता तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "माझं घर तिथं होतं, हे पाहिलेलं माणूस कोण आहे?"

मी होते. कुठल्या जागेवरून कुठलं घर उचललं, कुठे टाकलं, हे सगळं मी लिहून दिलं, खोट्या शिक्क्याच्या त्या चिठ्ठ्या जोडल्या आणि शेवटी सही केली. जमा करण्याआधी कंत्राटदाराने मला बोलावून घेतलं. तो चिडला नाही. माझंच नाव त्यात अडकेल, असं काळजीच्या सुरात समजावत राहिला. अधिकाऱ्यांनी मात्र विचारलं की मी कुणाच्या बाजूची आहे. जिच्या घरावर तुम्ही मशीन चालवलं तिच्या, असं मी म्हटलं, आणि माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली.

चौकशी झाली. ड्रायव्हरला कामावरून काढलं. कंत्राटदाराला समज दिली. खाजणात राडारोडा टाकण्यास मनाई असल्याची पाटी लागली, ती त्याच ढिगाऱ्यात रोवून. पुढे ते खाजण साफ करण्याचं कंत्राट निघालं. ज्या कंपनीला मिळालं तिचा पत्ता मला पाठ होता. मी त्या ऑफिसात सहा वर्षं बसले होते. तक्रार केली. पोच मिळाली. उत्तर अजून नाही.

बाईंना आठ महिने अपात्र ठरवून मग पात्र केलं. घर मिळालं ते विक्रोळीपासून इतकं लांब की बालवाडी सोडावी लागली. मी गेले तेव्हा त्या नळाखाली बादली लावून बसल्या होत्या. पाणी दिवसातून अर्धा तास येत होतं. माझ्यासाठी त्यांनी चहा टाकला. खिडकीशेजारच्या भिंतीला आडवी भेग गेली होती. पाण्यासाठी आणि भेगेसाठी दोन अर्ज देऊन झालेत, त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्याचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"नीट लिही गं. तुला त्यांची भाषा येते."